रियांश नको, मयूर बघा

ताई, भाच्यासाठी इतिहास आणि अर्थ दोन्ही असलेलं नाव पाहिजे म्हणालात आणि इथं सगळे रियांश रियांश करूलालेत. साइटवर अर्थ 'विष्णूचा अंश' देतात खरं पण 'रिय' म्हणजे विष्णू हे संस्कृतात कुठं नाही बघा.

मयूर ठेवा की. जुनं वाटतंय, पण चौथ्या शतकात बनवासीला कदंबांचं राज्य उभं केलं त्या मयूरशर्म्याचं नाव ते, आणि खानापूर तालुक्यातलं आपलं हलशी म्हणजे त्याच कदंबांची दुसरी राजधानी, बेळगावातनं सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी.

संभाजी पण मस्त. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले, ते गाव कर्नाटकातच, कोप्पळकडं, आणि १६५७ ला पुरंदरावर शंभूराजे जन्मले तर त्यांना काकांचंच नाव. फक्त हाक मारताना सगळे संभ्या करतात, तेवढी तयारी ठेवा.

मी आत्या, त्यामुळं भावाच्या पोराच्या कानात मयूर मीच कुर्रर्र केलेलं. जन्मदाखल्यावर मात्र कन्नडवरनं इंग्रजी करताना शेवटी एक 'ए' जास्त पडला आणि पोराचा झाला मयूरा, मग आधारलाही तेच, दुरुस्तीला तीन हेलपाटे. तेव्हा नाव कुठलंबी ठेवा, फॉर्मवर इंग्रजी स्पेलिंग स्वतः लिहा आणि दाखला खिडकीवरच उभं राहून वाचा.