धावपट्टीवर साचलेले रबर पावसात धोक्याचे का ठरते?

घाटकोपरकर (प्रश्न)
आमच्या गच्चीवरून मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरत जाणारी विमाने रोज दिसतात. ९ मे २०२४ रोजी पावसाळापूर्व देखभालीसाठी तेथील दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या, आणि त्या निमित्ताने धावपट्टीवर टायरचे रबर साचते व ते खरवडून काढावे लागते, हे प्रथमच कळले. परंतु रबरावर रबर घासले तर पकड वाढायला हवी ना? शर्यतीच्या मोटारी तर रबर बसलेल्या पट्ट्यावरूनच अधिक वेगाने वळतात. मग ते काढण्याचा एवढा खटाटोप कशासाठी?

एअरसाइडवाला
आपला तर्क कोरड्या पृष्ठभागापुरता बरोबर आहे. पाऊस आला की शर्यतीचे चालकही तोच काळा पट्टा टाळतात.

विमान टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो आणि चाके मात्र जवळजवळ स्थिर असतात. ती फिरू लागेपर्यंत घसटत जातात, आणि त्या क्षणभरात टायरचा वरचा थर वितळून खडीच्या फटींत शिरतो. पावसाचे पाणी निसटून जाण्यासाठीच त्या फटी आणि आडव्या खाचा ठेवलेल्या असतात. त्या बुजल्या की पाण्याला वाट उरत नाही.

मी काही वर्षे रात्रपाळीत हे काम केले आहे. स्वच्छ भागावरून तळहात फिरवला तर खरकागदासारखा खरखरीत लागतो, आणि दहा पावले पुढे, टचडाउन झोनमध्ये (विमानाची चाके टेकतात त्या भागात), तोच पृष्ठभाग पाटीसारखा गुळगुळीत. पांढरे पट्टेसुद्धा काळे पडलेले असतात. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा मारला की काजळासारखे पाणी वाहू लागते. दाब मात्र बेताने ठेवावा लागतो, नाहीतर रबराबरोबर खडीही उखडते आणि दुखण्यापेक्षा औषध भारी अशी गत होते.

केव्हा काढायचे, हे नुसत्या नजरेवर सोडत नाहीत. ग्रिप टेस्टर (पकड मोजणारे यंत्र) चाकापुढे १ मिलिमीटर पाणी सोडत ताशी ६५ किलोमीटर वेगाने फिरवतात, घर्षणांक (पकडीचे माप) ०.५३ च्या खाली आला की देखभालीची आखणी करावी आणि ०.४३ ही किमान मर्यादा समजावी, असे प्रचलित मापदंड आहेत.

उजवी_सीट
वैमानिकाच्या बाजूने थोडी भर घालतो. टायरमधील दाबाच्या (पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच) वर्गमुळाला ९ ने गुणले की साचलेल्या पाण्यावर फिरते चाक तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. २०० पीएसआयसाठी तो सुमारे १२७ नॉट (ताशी सुमारे २३५ किलोमीटर) येतो. चाक अजून फिरू लागलेले नसेल तर ९ ऐवजी ७.७ घेतात, म्हणजे साधारण १०९ नॉट. आम्ही याहून अधिक वेगाने टेकतो, त्यामुळे पाणी निचरा होऊन जाणे हाच आमचा आधार असतो. शिवाय गुळगुळीत रबरावर पाण्याचा अगदी पातळ थरही पुरतो, आणि तेव्हा चाक याहून बऱ्याच कमी वेगालाही घसरू शकते.

नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत धावपट्टीच्या स्थितीला ६ (सर्वांत चांगली) ते ० असे अंक देतात. साध्या ओल्या धावपट्टीला ५ मिळतात. घर्षण किमान पातळीखाली गेलेली धावपट्टी ओली झाली तर ‘निसरडी ओली’ म्हणून ३. या दोन अंकांच्या फरकाने थांबण्याचे अंतर इतके वाढू शकते की कधीकधी दुसरा विमानतळ गाठावा लागतो. त्यामुळे हा अंक प्रामाणिकपणे कळवला जाणे मला फार महत्त्वाचे वाटते.

कुर्ल्याची_वाचक
एक सावधगिरी सुचवते. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळमधील कोझिकोडला पावसात उतरणारे विमान धावपट्टीपलीकडे गेले, त्या अपघातात, ज्यात २१ जण दगावले, अनेकांनी लगेच रबराकडे बोट दाखवले, कारण जुलै २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमानतळाला बजावलेल्या नोटिशीत अतिरिक्त रबराचा उल्लेख होता. चौकशी अहवालाने मात्र मुख्य ठपका ठेवला तो ठरलेली कार्यपद्धती न पाळता उतरणे चालू ठेवण्यावर : सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान जवळजवळ १,३५० मीटर पुढे जाऊन टेकले होते, आणि वारा पाठीमागून होता. निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर उरलेल्या भागावर पकड कितीही चांगली असली तरी थांबायला जागा अपुरीच पडते. म्हणून रबर काढलेच पाहिजे. पण प्रत्येक घसरण्याचे खापर त्याच्यावर फोडू नये.