केस टाकली की बापाची भेट आपोआप बंद?

पेठकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘घरगुती हिंसाचाराची केस टाकली की बापाची भेट आपोआप बंद.’ अहो, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम २१ बघा. तात्पुरता ताबा देताना बापाने मुलाला कसं भेटायचं, हे मॅजिस्ट्रेट ठरवून देऊ शकतात. भेट मुलाला घातक ठरेल असं त्यांचं मत झालं तरच नकार. नुसत्या अर्जाने काही बंद होत नाही.

वारजेकर: कागदावर छान! पुण्यात शिवाजीनगर कोर्टात भेटीचा अंतरिम अर्ज द्या, समोरून ‘म्हणणं’ म्हणजे लेखी उत्तर यायला दोन तारखा, मग वकील गैरहजर, मग साहेब रजेवर. तोवर तीन वर्षांचं पोर बापाला विसरतं, आणि ‘मूल जायला तयार नाही’ हेच पुढे कारण होतं.

मुळाकाठ: आणि मार खाल्लेल्या बाईचं काय? त्याच कायद्याच्या कलम १८ च्या संरक्षण आदेशात बापाला संपर्काची मनाई, कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशात ‘उभयतांनी फोनवर वेळ ठरवावी’. पहिल्या आदेशाची नक्कल दुसऱ्या फाइलला लावलेलीच नसते. मग फोन केला तर भंग, नाही केला तर भेट नाही.

वारजेकर: म्हणून व्हिडिओ कॉल मागावा. यशिता साहू निकालात, २०२० साली, सुप्रीम कोर्टाने रोज ५ ते १० मिनिटं बोलू द्यावं असं म्हटलंय.

मुळाकाठ: कॉल म्हणे! ‘बाळा, खिडकीतून बाहेर दाखव’ म्हटलं की आई कुठे राहते ते कळलंच. फोन आईच्या नंबरवरून लावला की रात्री मेसेज सुरू.

पेठकर: वेगळं सिम, फोन मामाच्या किंवा आजीच्या हातात, मागे कोरी भिंत.

वारजेकर: आणि आजी शेजारून पढवणार! चार वर्षांचं मूल दहा मिनिटं बसतं तरी का? रेकॉर्डिंग करून कोर्टात लावतात ते वेगळंच.

मुळाकाठ: रेकॉर्डिंग तुमचे पक्षकार करत नाहीत वाटतं?

पेठकर: भांडा खुशाल, पण मसुदा नीट करा. ‘दर रविवारी भेट’ एवढंच लिहिलं की मेलात. वेळ, जागा, मूल आणणार कोण, आई-बाप समोरासमोर न येता मूल सोपवायचं कसं, आजारपणात बदली वार कोणता, दिवाळी-मे सुट्टीची वाटणी, सगळं आदेशात हवं. आरोप गंभीर असतील तर आधी समुपदेशकांसमोरच भेट मागा. मूल आणलं नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन द्या, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद राहते.

वारजेकर: बरं, माझा कालचा ‘आपोआप’ शब्द मागे. ‘तारखांनी बंद’ म्हणतो, चालेल?

मुळाकाठ: चालेल. तारखा कोण मागतं, तेही लिहा म्हणजे झालं.