शिंपल्यात छोटा ऑक्टोपस आणि अंडी, परत ठेवला ते बरोबर ना?

ऐरोलीकर_आई:
नमस्कार मंडळी, पौर्णिमेला माहेरी अलिबागकडे गेले होते, ओहोटी मोठी होती म्हणून लेकीला घेऊन खडपात उतरले तर तिने एक मिटलेला शिंपला उचलला, जरा फट पडली आणि आत चक्क ऑक्टोपस! बोराएवढं डोकं, मागे शिंपल्याला आतून तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली, आणि त्याने पायांनी धरून झाकण परत ओढून घेतलं. मी लगेच होता त्याच डबक्यात ठेवायला लावला, लेक ऐरोली येईपर्यंत रडत होती. एवढंसं ते पिल्लूच ना, मग अंडी कशी? आणि लेक विचारतेय, कोळंबी ठेवली असती तर त्या ऑक्टोपसने खाल्ली असती का?

खडप_भटक्या, ठाणे:
ताई एकदम बरोबर केलंत. ते पिल्लू नव्हे, अंड्यांवर बसलेली आई. काही जाती पूर्ण वाढल्या तरी मुठीत मावतात. मेक्सिकोच्या आखातात ऑक्टोपस मर्केटोरिस नावाची बुटकी जात आहे, ती रिकाम्या शिंपल्यात घर करते. अंगात हाड नाही, कडक म्हणावी अशी फक्त चोच, त्यामुळे चोच जिथून जाईल तिथून अख्खा ऑक्टोपस जातो. चावतोही, म्हणून लेकीला सांगा नुसत्या हाताने धरायचं नाही.

दिवाळे_कोळीवाडा:
आमच्या जाळ्यात कधी रिकामा डबा येतो आणि आतून पाय बाहेर येतात, आजी म्हणायची डबा तसाच पाण्यात सोड, बाईमाणूस घरात आहे. अंडी दिसली की मी आजही सोडतो.

जीवशास्त्र_एमएस्सी, ठाणे:
कोळंबीचं सांगते, बहुतेक खाल्ली नसती. अंडी घातली की मादी जवळजवळ खाणं सोडते, दिवसरात्र अंड्यांवर पाण्याची धार सोडत राहते आणि पायांवरच्या चूषकांनी (चिकटणाऱ्या वाट्यांनी) ती पुसते, नाहीतर त्यांच्यावर बुरशी आणि घाण चढते. पिल्लं बाहेर पडली की थोड्याच दिवसांत ती मरते. हे भुकेने होतं असं वाटतं पण मुळात डोळ्यांजवळच्या ग्रंथी ते ठरवतात. वोडिन्स्की नावाच्या संशोधकाने 1977 मध्ये कॅरिबियनमधल्या एका जातीच्या माद्यांच्या त्या ग्रंथी काढल्या तर त्यांनी अंडी सोडून दिली, परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. मला हे पहिल्यांदा वाचताना खूप वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

ऐरोलीकर_आई:
अरे बापरे. मग तो शिंपला आम्ही उचलला तेव्हा ती पळून जाऊ शकत होती, आणि गेली नाही. पिल्लं त्याच डबक्यात राहतील का?

जीवशास्त्र_एमएस्सी, ठाणे:
अंड्याच्या आकारावर आहे ताई. बारीक अंडी असली की पिल्लं आधी पाण्यात तरंगत लांब वाहून जातात, मोठी आणि मोजकी असली की आईची छोटी प्रतिकृती होऊन थेट तळावर चालायला लागतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचा निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस तर पन्नासेक अंडी घेऊन पायांखाली धरूनच फिरतो, घर वगैरे नाहीच. तुमची अंडी तांदळाएवढी म्हणजे ऑक्टोपसच्या मानाने मोठी म्हणायची.

ऐरोलीकर_आई:
लेकीला वाचून दाखवलं. अमावस्येच्या ओहोटीला परत जातोय, डबक्याच्या कडेला उकिडवं बसून बघायचं, शिंपल्याला हात लावायचा नाही असं तिनेच ठरवलंय.