पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा

‘मूलपेशी (स्टेम सेल) डोळ्यात सोडल्या की नवा पडदा तयार होतो, पैशांची सोय असेल तर थांबू नका’ असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. २०१४ मध्ये जपानात कोबेला पहिल्यांदा रुग्णाच्याच त्वचेपासून बनवलेल्या पेशींचा थर दृष्टिपटलाखाली, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याखाली, बसवला, तेव्हा त्या बाईंची नजर सुधारली नव्हती, फक्त आणखी ढासळायची थांबली. तेही मोठंच यश होतं.

नौपाड्यातल्या माझ्या मामांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार. एका ठिकाणी त्यांना सांगितलं, पोटाच्या चरबीतल्या पेशी, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. फ्लोरिडात नेमकं हेच करून तीन स्त्रियांची दृष्टी जवळजवळ गेली, २०१७ मध्ये ते प्रसिद्धही झालंय. कृपा करून आधी त्या उपचाराच्या चाचणीचा सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.