हाताची घडी, तोंडावर बोट की भिंतीवर सह्यांचा तक्ता?

खडूची_धूळ (धागाकर्ता):
सातपूरच्या एका बाईंची पोस्ट कालपासून प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच आठवड्यात सहावीच्या मुलांनी म्हणे स्वतःच पाच नियम लिहिले. अट एकच, 'नका' हा शब्द वापरायचा नाही. तक्ता भिंतीवर, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि आता बाईंना आवाज चढवावा लागत नाही. खाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस.

मी बावीस वर्षं नाशिकरोडच्या बाजूला आठवीला शिकवतोय. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कागदावर ३५ मुलांमागे एक शिक्षक, माझ्यासमोर बसतात ५८. वर पत्रा. पोरगा त्याच तक्त्याखाली उभा राहून त्याच तक्त्यावर पेन्सिल फेकून मारतो, तेव्हा काय करायचं, हे त्या पोस्टमध्ये कुठे होतं? हात लावायचा नाही, मान्य. त्याच कायद्याचं कलम १७ मलाही पाठ आहे. उठाबशा नाहीत, टोमणे नाहीत. मग उरलं काय, स्टिकर? शिस्त लावावी लागते हो, सह्या घेऊन येत नाही.

देवळालीचा_दादा:
+१. वडील शाळेत सोडतानाच म्हणायचे, सर मारा पण शिकवा. वेताची छडी खाल्ली, आज स्वतःचं वर्कशॉप आहे. काय बिघडलं?

रामकुंड_रिटर्न्स:
माझं बिघडलं. तेराचा पाढा चुकला म्हणून बोटांच्या पेरांवर डस्टर बसला. त्यानंतर दहावीपर्यंत गणिताच्या तासाला एकदाही हात वर केला नाही. वर्ग शांत होता, सर खूश होते.

सातपूरची_बाई:
पोस्ट माझीच. माझा पट ४९ आहे, त्यामुळे एसी वर्गातून लिहितेय असं समजू नका. आईबाप दोघं कंपनीत शिफ्टला, घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी भोजपुरी. पोस्ट जरा गोडगोड झाली, कबूल. तक्त्याने काहीच होत नाही. झालं ते तालमीने. मधल्या सुट्टीनंतर वर्गात कसं यायचं, ते आम्ही एका दिवसात पाच वेळा करून पाहिलं. दप्तर कुठे, पाण्याची बाटली कुठे, सगळं. मी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली, आता वीसएक सेकंद.

आणि 'नका' का नको? 'गोंधळ करू नका' म्हटलं तर त्याऐवजी काय करायचं ते पोराला कळत नाही. 'एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात' हे करून दाखवता येतं. पेन्सिल फेकणाऱ्याने सुट्टीत थांबून तक्ता नीट चिकटवायचा. विचारपूस एकट्यात. चारचौघांत विचारलं की तो हिरो होतो.

खडूची_धूळ:
सुट्टीत थांबायला तुम्हाला वेळ मिळतो, नशीबवान आहात. माझी सुट्टी मतदार याद्यांत जाते.

कॉलेजरोड_कट्टा:
तो विषय काढूच नका सर. शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामांना जुंपायला आरटीईच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच कामांची सूट. बाकी कामं कुठल्या कलमात बसतात ते साहेबांना विचारा, मग बदलीचा अर्ज तयार ठेवा.

बोरकूट_भाई:
अवांतर. मी पाचवी ते सातवी मॉनिटर होतो. सर नसले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे'. नावापुढे फुल्या. एक फुली खोडायला दोन चिंचा, आख्खं नाव खोडायला बोरकुटाची पुडी. वर्ग चिडीचूप. ही होती आमची शिस्त.

द्वारकेत_अडकलेला:
अरे हरामखोर! माझं नाव फळ्यावर कायमचं होतं. गोवर आलेला, घरी झोपलो होतो, त्या दिवशीसुद्धा तीन फुल्या! त्यांचा मार नंतर येऊन खाल्ला.

इंदिरानगरची_आई:
हसू नका. माझी मुलगी चौथीत मॉनिटर झाली आणि दोन महिन्यांत तिला मैत्रीण उरली नाही. दहा वर्षांच्या पोरीला हवालदार कशाला करता?

खडूची_धूळ:
म्हणजे छडी नको, मॉनिटरही नको. शिक्षकच नको असं सरळ म्हणा ना.

सातपूरची_बाई:
मॉनिटर माझ्याकडेही आहे.

देवळालीचा_दादा:
घ्या! सह्यांवाल्या बाईंचाही हवालदार निघाला.

सातपूरची_बाई:
दर सोमवारी बदलतो, आणि नावं लिहायची नाहीत. वह्या वाटणं, हात वर केलेला दाखवणं, बस. हवालदार म्हणायची हौस असेल तर म्हणा. बावीस वर्षं पोरांना घाबरवून गप्प बसवलं त्याचं कौतुक मी तरी करणार नाही.

खडूची_धूळ:
मी छडी २०१० मध्ये कपाटात टाकली, ती अजून तिथेच आहे. माहिती नसताना बोलू नका.

सातपूरची_बाई:
'नका' म्हणालात. बरं, ते घाबरवण्याचं मागे घेते.

दिंडोरीचा_मास्तर:
भांडून झालं असेल तर माझंही ऐका. द्राक्षाची कामं निघाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं इकडे बागांवर येतात. वर्ष निम्मं सरल्यावर माझ्या वर्गात नवी पोरं बसतात. जूनच्या तक्त्यावर त्यांची सही नाही, तालमीला ती नव्हती. जुनी पोरं बोट दाखवून सांगतात, "हा नियम मोडतो." त्याला नियम कुणी सांगितला होता? मी दिवाळीनंतर सगळं पहिल्यापासून घेतो, जुनी पोरं कंटाळतात तरी.

सातपूरची_बाई:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडेही दिवाळीत गावी गेलेली काही परत येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरी येतात. आणि तक्ता तोच लटकतोय.

खडूची_धूळ:
चला, एक तरी माणूस जमिनीवर आहे. ती हात वर करायची भानगड सोमवारी करून बघतो. ५८ जणांत चार मिनिटांच्या वर गेली तर इथेच येऊन शिव्या घालीन.

द्वारकेत_अडकलेला:
ते बघा तुम्ही. बोरकूट_भाई, नावाखाली दोन आडव्या रेघा मारायचास का रे? शाळा कुठली तुझी?

बोरकूट_भाई:
सांगणार नाही.