थंडीत अंग उलतंय, मध लावून आंघोळ कशी करायची?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी वाईची, लग्नानंतर पुण्यात. डिसेंबर लागला की माझ्या पोटऱ्या उलतात. नखाने ओरखडलं तर पांढरी रेघ उमटते. आईने महाबळेश्वरचा मध धाडलाय, किलोची बाटली. पण खालचा निम्मा दाणेदार होऊन बसलाय. भेसळ असेल का?

गेल्या रविवारी एक व्हिडिओ पाहून दोन चमचे मधात अर्धं लिंबू पिळलं, साखर घातली आणि चेहऱ्याला चोळलं. पाच मिनिटांत गालांची आग आग झाली, दोन दिवस लाली उतरली नाही. मला मध सोडायचा नाहीये, आईने एवढ्या मायेने दिलाय. टब वगैरे नाही, बादली आणि तांब्या आहे. त्यात कसा वापरू? आणि घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. मालिशनंतर त्यालाही थोडा लावला तर चालेल का?

सायसाखर
आमच्याकडे दोन चमचे बेसन, चमचाभर साय आणि अर्धा चमचा मध एकत्र कालवून आंघोळीआधी लावतात. सुकू द्यायचं नाही, ओलसर असतानाच धुवायचं. वाळलेलं बेसन खरवडून काढलं की उललेली कातडी आणखी सोलते.

सातेरी
ताई, आमच्या घरी सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत, लहानपणापासून मधात हात आहे. सविस्तर लिहितो, कारण चांगला मध लोक केवळ शंकेने टाकून देतात आणि ते पाहून जीव हळहळतो.

दाणे धरणं म्हणजे भेसळ नव्हे. मधातली ग्लुकोज थंडीत वेगळी होऊन गोठते. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, हात सहज बुडवता येईल इतपतच ऊन. गॅसवर ठेवू नका. मधात माश्यांनी घातलेलं एक विकर (एन्झाइम) असतं. मध पाण्यात पातळ झाला की त्याच्यामुळे अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि जंतूंची वाढ रोखली जाते. मध तापवला की ते विकर मरतं. म्हणून तुमच्या कामाचा मध कच्चाच हवा.

खरं तर तो दाणेदार भाग मला जास्त आवडतो. ओल्या कोपरावर बोटाने फिरवा, दाणे चोळता चोळता विरघळतात. साखरेचे खडे धारदार असतात, कातडीवर बारीक ओरखडे काढतात, आणि त्यावर लिंबू गेलं तर आग होणारच. मध मुळात आंबटच असतो, वर लिंबाची गरज काय? शिवाय लिंबाचा रस अंगावर राहिला आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

मी करतो ते असं. आंघोळ उरकली की शेवटच्या तांब्याभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा मध ढवळायचा. अंग ओलं असतानाच पोटऱ्या, कोपरं, टाचांवर ते पाणी हळूहळू ओतायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच खोबरेल. मध पाणी धरून ठेवतो, पण आधी अंगावर पाणी हवं ना! कोरड्या अंगावर नुसता थापला तर चिकटपणाच वाट्याला येतो. आणि मोरी नीट धुवा, मुंग्या वास बरोबर काढतात.

चेहऱ्याला सध्या काहीच लावू नका. लाली पूर्ण गेली की कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहा. मधात परागकण असतात, काहींना सोसत नाहीत. चिरा पडून रक्त येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा.

पाळणाघर
बाळाबद्दल मी लिहिते, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही. चाटवायचा नाही, आणि अंगालाही लावू नका, कारण त्या वयात हात थेट तोंडात जातात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. मध घरचा असो की विकतचा, उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. अंगावर पाजत असाल तर स्वतःच्या छातीलाही लावू नका. जन्मल्यावर मध चाटवायची रीत आपल्याकडे जुनी आहे, थोरांचं मन मोडवत नाही हे मला कळतं, पण इथे ठाम राहा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना पाळणाघरताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी स्वतःच बाटली वरच्या फळीवर ठेवली.

चार दिवस तांब्याचा प्रयोग केला. काल रात्री पोटरीवर नख ओढून पाहिलं, रेघ अगदी पुसट उमटली. टाचा अजून खरखरीत आहेत. सातेरीदादा, टाचांना दाणेदार मध रोज चोळला तर चालेल का, की एक दिवसाआड?

सातेरी
एक दिवसाआड. आणि रात्री खोबरेल लावून सुती मोजे घाला.