महाबळेश्वर: चढायचं कुठल्या घाटाने, उतरायचं कुठल्या?

महाबळेश्वरातून नद्या जिकडे उतरल्या, साधारण तिकडेच रस्तेही उतरले. कृष्णेच्या बाजूला वाईचा पसरणी घाट, वेण्णेच्या बाजूला मेढ्याकडचा केळघर घाट, सावित्रीच्या बाजूला पोलादपूरचा आंबेनळी आणि कोयनेकडे तापोळ्याचा रस्ता. पाचवी गायत्री राहिली, पण तिच्या वाटेने कुणी सायकल नेल्याचं ऐकिवात नाही.

मी या चारही बाजूंनी चढलोय. उतरलोय तीनच बाजूंनी, चौथीचं कारण पुढे येईल. घाट म्हटला की सगळे विचारतात, "जड कुठला?" हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. चढताना जास्तीत जास्त पाय थकतात, फार तर उतरून ढकलत जाता येतं. उतारावर चूक झाली तर दुरुस्त करायला वेळच नसतो. म्हणून ज्यांनी सायकलने हे घाट केलेत त्यांना आमंत्रण: कुठून चढलात, कुठून उतरलात, कुठल्या महिन्यात, कुठल्या गिअरवर. आलेख डकवू नका. पाय काय म्हणाले ते लिहा.

वाईकर

मीच सुरुवात करतो, घाट दारातच आहे. शाळेत असताना बावीस इंची काळ्या सायकलने पसरणी घाट निम्मा चढायचो आणि निम्मा ढकलायचो. आता गिअरची सायकल आहे, पण गुडघे तेव्हाचे नाहीत, त्यामुळे हिशोब तोच.

वाई ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १३०० च्या जवळ, मधलं अंतर १२-१३ किलोमीटर. म्हणजे पाच टक्क्यांच्या आतबाहेर चढ. सरासरी बहुतेक घाटांत फसवी असते, पण पसरणी तिला जागतो. पसरणी गाव (शाहीर साबळ्यांचं गाव, आम्ही सांगितल्याशिवाय राहत नाही) मागे पडलं की जो गिअर लागतो तोच जवळजवळ वरपर्यंत चालतो. श्वासाची लय लागते. डाव्या-उजव्या वळणांवर धोमचं पाणी खाली-खाली जाताना दिसतं, तेवढाच धीर.

लोक फसतात ते पुढे. पाचगणी आली की घाट संपला असं मनाने ठरवलेलं असतं. पण महाबळेश्वर अजून १९-२० किलोमीटर आहे आणि तो रस्ता सपाट नाही. चढ, उतार, परत चढ, त्यात मोटारींची रांग. वेण्णा तलाव दिसेपर्यंत मी दरवेळी कुणाला तरी शिव्या घालत असतो.

उतरायला पसरणीच. रुंद आहे, वळण पुढून कसं सुटतंय ते आधी दिसतं. फक्त घाट पूर्वेकडे उतरतो, त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांत. आणि रविवारी अकरानंतर उतरू नका. वळणावर मधली रेघ ओलांडून येणाऱ्या पर्यटकाला सायकल दिसतच नाही.

सावित्रीकाठची

वाईकरदादा, तुमचा घाट सरासरीला जागत असेल, आमचा नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर ४० किलोमीटर आणि चढाई सुमारे १३०० मीटर. भागाकार केला की तीन टक्क्यांपेक्षा थोडं जास्त येतं आणि वाटतं, एवढंच? सुरुवातीचे किलोमीटर नदीच्या खोऱ्यातून जवळजवळ सपाट जातात आणि ती सगळी उधारी पुढे वसूल होते. पहिल्यांदा गेले तेव्हा मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं होतं. अर्ध्या घाटात उभं राहून पायडल मारावं लागलं, मांड्या भरून आल्या. घरी येऊन पहिलं काम म्हणजे ३२ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाकली. पुढे ३४, मागे ३२. आता बसून चढते.

दुसरी गोष्ट दमटपणा. डिसेंबरात पहाटे पाचला निघाले तरी पहिल्या तासात कपडे पिळून काढावेत असा घाम. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखर लागतेच. एकदा ते विसरले तर प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत पोटऱ्यांत गोळे. सोबतचा म्हणाला, आलोच आहोत तर गडही करू. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पण चढायला माझं मत आंबेनळीलाच. घाट पश्चिमेच्या अंगाला आहे, त्यामुळे सकाळी बराच वेळ डोंगराची सावली. पाचगणीकडून येणारे नऊ वाजता भाजून निघतात तेव्हा आम्ही झाडाखाली असतो.

उतरताना मात्र मी या घाटात फार जपून असते. जुलै २०१८ मध्ये इथे बस दरीत गेली आणि ३० माणसं गेली. आमच्या भागातल्या घराघरात ती बातमी आली होती. त्या टापूत आले की आजही पाय थांबतात, वेग आपोआप कमी होतो. जुलै २०२१ च्या पावसात रस्ताच जागोजागी तुटला होता. दुरुस्ती झाली तरी दरीकडच्या कडेवर माझा विश्वास परत बसलेला नाही. आणि पावसाळ्यानंतर सावलीतलं शेवाळ ऑक्टोबरातही रस्त्यावर असतं.

नवखा

माझा अनुभव लाजिरवाणा आहे, पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

साताऱ्याहून मेढा, केळघर करत वर गेलो. चढताना घाट फार आवडला. अरुंद रस्ता, वाहनं कमी, झाडी दाट, आपलाच श्वास ऐकू येतो. वर पोचलो आणि ठरवलं, आलो तसंच उतरू. रिम ब्रेकची सायकल, म्हणजे ब्रेक चाकाच्या कड्यालाच घासतात. वळणं जवळजवळ, रस्ता अरुंद, मी घाबरून दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवलेले. बोटं आखडली तरी सोडेना. मध्येच फटाक्यासारखा आवाज झाला आणि पुढचं चाक बसलं. वेग कमी होता म्हणून कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावलं. रिमला हात लावला तर चटका बसला.

ट्यूब बदलली, पण रिम गार व्हायला थांबायचं असतं हे माहीत नव्हतं. दोन किलोमीटरवर दुसरीही गेली. उरलेला घाट चालत.

जुनं चाक

अरे, यात लाजायचं काय? आमच्या वेळी हे प्रत्येकाने एकदा केलेलं आहे. फक्त कारण समजून घे.

तू आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. ६०० मीटर खाली आलास म्हणजे साधारण पाच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्यात दीड लिटर गार पाणी उकळीला येतं. वेगात उतरणाऱ्याची यातली बरीच ऊर्जा वारा खातो. तू हळू उतरत होतास, म्हणून ती जवळजवळ सगळी तुझ्या दोन रिममध्ये गेली आणि तापलेल्या रिमने ट्यूब फोडली. हळू म्हणजे सुरक्षित हे सपाटीवर ठीक आहे. घाटात सतत घासत हळू जाणं सगळ्यात वाईट.

वळणाआधीच्या सरळ तुकड्यावर दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ. वळणात शिरताना सोडायचे. बाहेरचा पाय खाली, भार त्यावर, नजर वळण जिथे संपतंय तिथे. खड्ड्याकडे पाहिलंस की खड्ड्यातच जाशील. मधल्या सरळ भागात रिमला वारा लागू दे. तरीही वेग आवरत नसेल तर थांब, फोटो काढतोय असं दाखव. मी असे पुष्कळ फोटो काढलेत, एकही धड नाही.

डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये. टायर वाचतो, पण डिस्क तापते आणि पॅडला काच चढल्यासारखी चकाकी आली की पकड जाते.

कोयनेपलीकडचा

तापोळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणजे शहाणे आहात.

हा उलटा डोंगर. महाबळेश्वरात मुक्काम, सकाळी उतरून तापोळ्याला शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावर, आणि मग तेच चढून परत. कोयना धरणाची पूर्ण पाणीपातळी ६५९ मीटर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. म्हणजे सातशेएक मीटर आधी उधळायचे आणि नंतर कमवायचे. जानेवारीत थंडगार पायांनी उतार केला, बोटांना ब्रेक जाणवेना. खाली पाण्याकाठी इतकं बरं वाटलं की दीड तास बसलो. तिथेच चुकलं. चढायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आणि पाय थिजलेले. इतर तीन घाटांत हरलात तर मागे फिरून घरंगळत घरी जाता येतं. इथे घर वर आहे.

धागाकर्ता

आता माझं. मी न उतरलेला घाट म्हणजे केळघर. नवख्याने जे सोसलं ते मी चढतानाच ओळखलं होतं: जो रस्ता चढायला सुंदर वाटतो तो बऱ्याचदा अरुंद, सावलीचा आणि वळणांचा असतो, आणि नेमकं तेच उतारावर नको असतं. जुनं चाक यांच्याशी माझा वाद जुना आहे. ते म्हणतात, ज्या घाटाने चढलो त्यानेच उतरावं, कारण खड्डे आणि ओली जागा पाठ झालेली असते. खरं आहे. पण चढताना ताशी आठच्या वेगाने पाहिलेला खड्डा चाळीसच्या वेगाने ओळखू येत नाही, आणि तो आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असतो.

माझा कौल: आंबेनळीने सकाळी सावलीत चढावं आणि दुपार कलल्यावर, ऊन पाठीवर घेऊन पसरणीने उतरावं. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम एसटीचे चालक सायकललाही लावतात. मोटारवाल्यांचं काही सांगता येत नाही.

जुनं चाक

उतरल्यावर वाईहून पोलादपूरला जाणार कसा ते लिहायचं विसरलास.

वाईकर

आमच्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पसरणीने चढायचं आणि आंबेनळीने उतरायचं.

सावित्रीकाठची

चालेल, पण शेवाळ वाळल्यावर. आणि नवख्याला बरोबर घ्या, त्याच्या रिम मी तपासून देते.